बासष्टाव्याचं उत्तर शून्य

७ जानेवारी

डायरी लिहिणाऱ्यांबद्दल माझं मत कधीच बरं नव्हतं. ज्यांचं कुणी ऐकून घेत नाही ती माणसं वहीचे कान खातात. पण निवृत्त झाल्यापासून वर्गात ओतायचा राग मी घरात ओतते अशी आमच्या ह्यांची तक्रार आहे. वही फाटली तर दुसरी आणता येते, नवऱ्याचं तसं नाही, म्हणून ही वही.

मी पुस्तक लिहायला घेतलंय. इंटिग्रेशनची शंभर अवघड उदाहरणं, उत्तरांसह. बाजारात अशी पुस्तकं पैशाला पासरी, आणि एकजात सगळी एकमेकांवरून उतरवलेली. एकाने केलेली चूक पुढच्या दहा पुस्तकांत वंशपरंपरेने चालते. जन्मभर मी ती पुस्तकं वर्गात झोडपली. आता माझं स्वतःचं काढणार, आणि बिनचूक काढणार. एवढं एक काम नीट झालं की नाव मागे राहील. बाकी मागे ठेवण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

ह्यांनी विचारलं, "इंटिग्रेशन म्हणजे नेमकं काय शोधतेस गं तू?" लग्नाला इतकी वर्षं झाली, प्रश्न आज पडला. हे जन्मभर दातांच्या दवाखान्यांना कवळ्या बनवून देत आले, म्हणून त्यांना कळेल असं सांगितलं. फंक्शनवरून त्याचा डेरिव्हेटिव्ह काढणं सोपं, तोंड उघडून दात मोजण्यासारखं. इंटिग्रेशन त्याच्या उलट. दात हातात दिलेत, तोंड कुणाचं ते ओळखा.

"आणि तोंड सापडलंच नाही तर?"

"काही फंक्शनांना सापडत नाही. तसं सिद्ध झालंय."

"मग माझ्या निम्म्या कवळ्या त्यातल्याच," हे म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

१६ जानेवारी

जेवणाचं टेबल माझ्या कागदांनी भरलंय. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो. ह्यांची हरकत नाही, सूत्रबाईंची आहे.

सूत्रबाई म्हणजे आमची सून. टायरच्या दुकानावर एक शिकवणी वर्ग आहे, तिथे ती गणित शिकवते. म्हणजे पोरांकडून सूत्रं घोकून घेते. मी कधी तिथे गेलेली नाही, पण शिकवणी वर्गात दुसरं काय करतात? चिरंजीव कामानिमित्त अर्धा महिना बाहेरगावी, म्हणजे अर्धा महिना आम्ही दोघी समोरासमोर. गणिताबद्दल आम्ही बोलत नाही. लग्न होऊन आली तेव्हा तिने मला एक अडचण विचारली होती. मी म्हणाले, "हे तुला येत नसेल तर तू शिकवतेस तरी काय?" त्यानंतर तिने कधी विचारलं नाही. समजलं असावं.

आज म्हणते, "आई, टेबलाचा एक कोपरा मिळेल का? पेपर तपासायचेत. कमीत कमी अर्धा तास, जास्तीत जास्त पाऊण."

ही तिची एक खोड आहे. दूध किती घ्यायचं, पाहुणे किती येतील, पाऊस कधी थांबेल, कशालाही कमीत कमी इतकं आणि जास्तीत जास्त इतकं. नेमकं एक उत्तर या मुलीच्या तोंडून मी ऐकलेलं नाही. मी म्हणाले, कागद हलले की माझा क्रम जातो. मग ती इस्त्रीच्या फळीवर पेपर ठेवून उभ्यानेच तपासत राहिली. पाठीला चांगलं असतं ते.

प्रस्तावना लिहून झाली. शेवटचं वाक्य असं: "या पुस्तकात एकही उत्तर चुकीचं नाही. चूक दाखवून देणाऱ्याचं नाव मी मुखपृष्ठावर माझ्या नावाशेजारी छापीन." ह्यांना वाचून दाखवलं.

"हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"अहो, चूक असेल तर ना."

२५ जानेवारी

प्रकाशक येऊन गेला. हा माणूस आधी स्वयंपाकाची पुस्तकं काढायचा, आणि गणिताकडेही त्याच नजरेने बघतो. म्हणाला, "बाई, नुसतं इंटिग्रेशन हल्ली परीक्षेत कोण विचारतं? इथपासून इथपर्यंत अशी टोकं द्या. शेवटी एक आकडा आला पाहिजे."

टोकं दिली की तेवढ्या भागात फंक्शनच्या रेघेखालचं क्षेत्रफळ निघतं. इंटिग्रेशन करून आलेल्या उत्तरात एक टोक घाला, दुसरं घाला, वजाबाकी करा. वजाबाकी! अवघड डोंगर चढून जायचं आणि वर जाऊन चणे विकायचे.

तो गेल्यावर त्याच रागाच्या भरात एका दुपारी तीसेक उदाहरणांना टोकं लावून टाकली. शून्य ते π, शून्य ते दोन π, हाताला येतील ती. वजाबाक्या तोंडी केल्या. इतक्या फालतू कामाला कागद कोण खर्च करणार?

७ फेब्रुवारी

प्रकाशकाने माझ्या पाठीमागे तपासनीस नेमलाय. मला! आज त्याचे शेरे आले, छापील. नाव विचारलं तर प्रकाशक म्हणतो, "त्यांना नाव सांगायचं नाहीये." चोराच्या मनात चांदणं.

नवव्या उदाहरणावर शेरा: "माझं उत्तर वेगळं येतं." खाली त्याचं उत्तर. माझं साइनमध्ये, त्याचं कोसाइनमध्ये, दोन्हींचं एकमेकांशी काही नातं दिसत नाही. मी पेन सरसावून बसले की या उंटावरच्या शहाण्याला आता सोलतेच. दोन्ही उत्तरं एकमेकांतून वजा केली, तर उरला निव्वळ एक स्थिर आकडा. म्हणजे दोन्ही बरोबर. इंटिग्रेशनच्या उत्तराशेवटी 'अधिक सी' लिहितात ते याचसाठी. सी म्हणजे कुठलाही स्थिर आकडा. उत्तर तेवढ्याने वर किंवा खाली सरकलं तरी त्याचा डेरिव्हेटिव्ह तोच राहतो. पोरं हा सी विसरायची, मी प्रत्येक वेळी एक गुण कापायचे. कॉलेजात मला 'अधिक-सी बाई' म्हणत. अभिमानाची गोष्ट आहे.

आणि या गृहस्थांना एवढं कळू नये असा टोमणा मी लिहिणार, तेवढ्यात शेऱ्याची पुढची ओळ वाचली. "दोन्ही बरोबर आहेत, फरक फक्त सीचा. पण पुस्तकात एकच रूप दिलं तर दुसऱ्या रूपात उत्तर काढणारं पोर स्वतःला चुकीचं समजेल आणि खोडेल. दोन्ही द्यावीत."

दिली. माणूस अगदीच ठोंब्या नाही.

पण टोकांच्या उदाहरणांना तो उत्तर तपासण्याआधी प्रत्येक ठिकाणी लिहितो: कमीत कमी एवढं, जास्तीत जास्त एवढं. गणित तपासतोय की किराणा भरतोय?

१३ फेब्रुवारी

तपासनिसाचा दुसरा गठ्ठा. एकतिसाव्यात त्याने माझ्या चार पायऱ्यांच्या जागी दीड पायरी सुचवली आहे. मला राग यायला हवा होता. मी ती दीड पायरी पुन्हा पुन्हा वाचली.

साठी उलटलेला असणार. एकटा राहत असेल, स्वतःचा चहा स्वतः करत असेल. अशी नजर पोरासोरांना नसते. मीही उत्तरादाखल चार ओळी खरडल्या, जरा तिखटच. इतक्या दिवसांत गणितावर भांडायला कुणी मिळालं नव्हतं.

जेवताना सूत्रबाईला म्हणाले, "हा तपासनीस बघ. याला म्हणतात डोकं. तुमच्या वर्गात असला एक माणूस असता तर पोरांचं भलं झालं असतं." ती खाली बघून हसली. लाज वाटली असावी. ह्यांना नेमका तेव्हाच ठसका लागला.

नंतर मी ह्यांना म्हणाले, "हा माणूस कोण आहे ते शोधून काढायला हवं. मी सगळ्या जुन्या कॉलेजांत विचारते."

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," हे म्हणाले.

ह्यांना म्हणी कुठेही सुचतात. संदर्भ पाहत नाहीत.

२२ फेब्रुवारी

चिरंजीवांनी जाहीर केलं की त्यांनी घर पाहिलंय. दोन खोल्या, वर्गाजवळ. पुढच्या महिनाअखेर जातील.

"का रे बाबा? इथे काय खुपतं?"

"तिला काम करायला एक टेबल हवंय, आई."

टेबलासाठी घर. उद्या खुर्चीसाठी गाव बदलतील. मी म्हणाले, जा, माझी ना नाही. सूत्रबाई फळीवरचे पेपर गोळा करत होती. पुस्तक होईपर्यंत घरात शांतता मिळेल, हे एक बरं झालं. मला त्याचं काहीही वाटलेलं नाही. लिहून ठेवते, म्हणजे नंतर कुणी काही म्हणायला नको.

४ मार्च

शेवटचा गठ्ठा. आणि हे महाशय शेवटी घसरले.

उदाहरण बासष्ट: दोन अधिक कोसाइन x, आणि हे सगळं एकाच्या खाली. वर्षानुवर्षं शिकवत आले, झोपेत सोडवीन. टॅन्जंटची युक्ती लावायची की उत्तर चार ओळींत येतं. टोकं शून्य ते दोन π. माझं उत्तर शून्य.

त्याचा शेरा: "कमीत कमी दोन, जास्तीत जास्त साडेसहा. शून्य येणं शक्य नाही."

काही गणित नाही, सिद्धता नाही, नुसता अंदाज. शितावरून भाताची परीक्षा करतात तसं हा इंटिग्रेशन करतो. मी खाली लाल शाईत लिहिलं: "अंदाज घरी करावेत."

५ मार्च

सकाळी बासष्ट पुन्हा करून पाहिलं. सगळ्या ओळी बरोबर. आलेल्या उत्तराचा डेरिव्हेटिव्ह घेतला, मूळ फंक्शन जसंच्या तसं परत मिळालं. ही तर अंतिम परीक्षा. दोन्ही टोकं घातली, शून्यातून शून्य गेलं, शून्य.

सूत्रबाई भाजी चिरत होती. म्हणाली, "आई, काही अडलंय का?"

"माझं नाही अडत. अडाणी माणसाने अडवलंय."

"चित्र काढून बघितलंत?"

चित्र! मी तिच्याकडे नुसतं बघितलं. ती पुन्हा भाजीकडे वळली.

६ मार्च

शून्य.

७ मार्च

तपासनिसाचा निरोप आला. सरळ उतरवून घेते, कारण एवढा उद्धटपणा मी आयुष्यात पाहिलेला नाही.

"फंक्शन सगळीकडे शून्याच्या वर आहे, म्हणजे क्षेत्रफळ वाढतच जाणार. आपलं उत्तर मध्यावर तुटतं. तिथे सी बदलावा लागेल. तुटलेल्या जागेच्या अलीकडे एक सी, पलीकडे दुसरा."

मला सी शिकवतो! अधिक-सी बाईला! सी एकच असतो. एका उत्तराला एक सी, हे मी पिढ्यान्‌पिढ्या पोरांच्या डोक्यात ठोकून भरलंय. दोन सी म्हणजे काय, एका डोक्यावर दोन टोप्या?

प्रकाशकाला फोन केला. "पान आहे तसं छापा. मी सांगते म्हणून छापा."

"बाई, एकदा छापलं की—"

"छापा."

फोन ठेवला तेव्हा सूत्रबाई दारात चपला घालत होती. तिने सगळं ऐकलं असणार. बराच वेळ एकाच चपलेत पाय घालत राहिली, मग वर्गाला गेली.

१० मार्च

आजचं सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर सरळ लिहिता येणार नाही.

किल्ली घरात विसरून मी दार ओढून घेतलं. हे केस कापायला गेलेले. दुसरी किल्ली सूत्रबाईकडे, म्हणून नाइलाजाने टायरच्या दुकानावरचा तो जिना चढले. रबराचा वास, भिंतीला टेकून ठेवलेल्या सायकली. वर मागचं दार उघडं होतं. मी उंबऱ्यातच थांबले. हिचं घोकणं एकदा कानांनी ऐकावं म्हटलं.

घोकणं नव्हतं. फळ्यावर बासष्टावं उदाहरण होतं, माझं.

"आकडेमोड बंद," ती म्हणत होती. "पेनं खाली. आधी नुसतं बघा. ही रेघ कुठे शून्याच्या खाली जाते का?"

"नाही मॅडम."

"मग सांगा. कमीत कमी किती? जास्तीत जास्त किती?"

पोरांनी खालून वरून चौकोन काढून सांगितलं. कमीत कमी दोन, मॅडम. जास्तीत जास्त साडेसहा.

"आणि उत्तर आलं शून्य. आता काय झालं असेल?"

तिने उत्तराचं चित्र काढलं. उत्तराची रेघ शून्यापासून निघाली, चढत चढत वर गेली, आणि बरोबर π वर आल्यावर तुटली. पुढचा तुकडा पार खालून सुरू झाला, आणि तोही तसाच चढत चढत दोन π ला शून्यावर येऊन पोचला.

"आपण डोंगर चढलो," ती म्हणाली. "मध्ये पूल तुटलेला होता, तो दिसला नाही, खाली पडलो. मग पुन्हा तेवढंच चढलो. आणि शेवटी म्हणतो काय, की सुरुवातीलाच उभे आहोत, म्हणजे चढलोच नाही. चढलो ना? दोनदा चढलो. आता पुढचा तुकडा उचलून पहिल्याला जोडायचा. कशाने उचलायचा?"

"सीने," मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली.

"बरोबर. तुटल्यानंतरचा सी वेगळा घ्यायचा. तेवढ्याने जोडलं जातं."

मी जिन्यावर बसले. इतक्या वर्षांत मी त्या फंक्शनचं चित्र एकदाही काढलं नव्हतं. गरजच काय, उत्तर यायचं. आणि टोकं कधी π च्या पलीकडे नेली नव्हती, म्हणून तो तुटलेला पूल मला कधी लागला नव्हता. दोन्ही गोष्टी मला एकदमच कळल्या, चूक आणि तपासनीस, आणि कुठल्या गोष्टीची जास्त लाज वाटावी ते मला ठरवता येईना. मला खूप लाज वाटली, हे मात्र खरं.

किल्ली न मागताच खाली उतरले आणि तडक प्रकाशकाकडे गेले. कानात यंत्रांची घरघर येत होती, ती त्याच्या छापखान्याची की माझी कोण जाणे.

"बासष्टावं पान छापलंत?"

"नाही," तो शांतपणे म्हणाला. "तपासनिसांनी थांबवायला सांगितलं होतं. म्हणाल्या, बाई स्वतः येतील."

"म्हणाल्या?"

त्याने जीभ चावली. "त्यांनी सांगू नका म्हणून बजावलं होतं हो. म्हणाल्या, माझं नाव कळलं तर त्या शेरे वाचणारच नाहीत."

ते खरं होतं.

"कधी येतील म्हणून सांगितलं होतं?" मी विचारलं.

"कमीत कमी एक दिवस," प्रकाशक म्हणाला, "जास्तीत जास्त चार."

आज तिसरा. म्हणजे मीसुद्धा हिच्या चौकोनात बसले.

११ मार्च

सकाळी ह्यांना म्हणाले, "तुम्हाला ठाऊक होतं."

"प्रकाशकाला नाव मीच सुचवलं."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"म्हण सांगितली होती," हे म्हणाले. असल्या माणसाबरोबर मी आयुष्य काढलं.

ती वर्गाहून आली तेव्हा मी टेबलाची डावी बाजू रिकामी केली होती. क्रम गेला. जाऊ दे. ती नेहमीप्रमाणे इस्त्रीच्या फळीकडे निघाली होती.

"फळी मिटवून ठेवलीये," मी म्हणाले. "इथे बस."

ती बसली नाही. टेबलाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिली.

"बासष्टचं उत्तर साडेतीनच्या जरा वर येतं," मी म्हणाले. "तुझ्या दोन आणि साडेसहाच्या मध्ये. चित्र काढून बघितलं."

"हो आई."

"मुखपृष्ठावर नाव छापायचंय. प्रस्तावनेत लिहून बसलेय, आता इलाज नाही. माहेरचं आडनाव लावायचं की आमचं, ते तू ठरव. आणि त्या दोन खोल्यांचं भाडं भरण्याआधी एकदा हे टेबल मोजून घे. दोघींना पुरतं की नाही बघ."

तिने टेबल मोजलं नाही. खुर्ची ओढली आणि बसली. डोळे पाणावले होते तिचे. माझे नाहीत, चष्मा जुना झालाय.

"नावाचं मग बघू," ती म्हणाली. "आधी एकोणऐंशी काढा, आई. तिथेही पूल तुटलाय. आणि त्र्याऐंशीत."

"आणखी किती आहेत?"

"कमीत कमी तीन," ती म्हणाली. मग थांबली. "जास्तीत जास्त आत्ताच नको सांगायला."

आम्ही एकोणऐंशी काढलं. अक्षर गचाळ आहे तिचं, आणि बेरजेच्या खुणा पळत्या. पण हात स्वच्छ चालतो, हे कबूल करायला हवं. शेवटची ओळ लिहून तिने कागद माझ्याकडे सरकवला, आणि त्यात सी नव्हता. विसरली, की माझ्यासाठी सोडला, कळायला मार्ग नाही. एरवी मी एक गुण कापला असता. मी माझं पेन घेतलं आणि तुटलेल्या जागेच्या अलीकडे एक सी लिहिला, पलीकडे दुसरा.